पाऊस पडला की एसडब्ल्यूआर चढतो: तार कापण्याआधी हे तपासा

हे हौशी (हॅम) रेडिओवाल्यांसाठी आहे. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परतते ते सांगणारा आकडा, एकच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जुळली तर पुढचं तुमच्यासाठीच आहे. एकही जुळलं नाही, तर दुखणं वेगळं आहे.

उन्हाळाभर ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झच्या) डायपोलवर, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनावर, एसडब्ल्यूआर दीडच्या आत होता. पहिला मोठा पाऊस झाला आणि तो अडीच-तीनवर गेला, रिग (रेडिओ संच) आपणहून पॉवर कमी करायला लागली. दुपारी दोन तास ऊन पडलं की तो खाली येतो, रात्री पुन्हा चढतो.

वारा सुटला की मीटरचा काटा नाचतो. रिसीव्हरमध्ये मधूनच कट्-कट् असा आवाज येतो आणि समोरचं स्टेशन क्षणभर गडप होतं.

डिसेंबर-जानेवारीत त्रास फक्त सकाळी असतो. दव पडलेलं असतं तेव्हा एसडब्ल्यूआर वाईट, अकरा वाजता सगळं ठीक. निफाडच्या बाजूला राहणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे, तिथली थंडी आणि दव दोन्ही नाशिक शहरापेक्षा जास्त.

आणि सगळ्यांत फसवं लक्षण म्हणजे जून-जुलैत बिघडलेला एसडब्ल्यूआर ऑगस्टमध्ये काही न करता सुधारतो. १.३, १.२ वर येतो, काटा एकदम शहाण्यासारखा वागतो. फक्त तुमचा आवाज आता कुणापर्यंत पोचत नाही. पूर्वी ५९ (म्हणजे स्पष्ट, जोरदार सिग्नल) देणारा मित्र ‘अहो, आहात का?’ असं विचारतो.

मी इंदिरानगरात गच्चीवर अँटेना लावतो. माझा स्वतःचा, आणि सिडको, देवळाली कॅम्प, इगतपुरीपर्यंतच्या ओळखीच्या ओएम (म्हणजे हॅम) लोकांचा हाच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की मृग नक्षत्र लागलं की रबर टेपची दोन रिळं आधीच आणून ठेवतो. दरवर्षी फोनवरचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘तार जरा कापू का?’

नका कापू. चार वर्षांपूर्वी मी कापली होती. भर जुलैत, घोंगता घेतल्यासारखं प्लॅस्टिक पांघरून, दोन्ही टोकांची तीस-तीस सेंटिमीटर तार उडवली. एसडब्ल्यूआर थोडा उतरलाही. मी खूश. ऑक्टोबरात सगळं वाळलं तेव्हा अँटेना ७.३ मेगाहर्ट्झच्या वर जाऊन बसला होता. आपला ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२. म्हणजे अँटेना बँडच्या बाहेर. मग कापलेले तुकडे पुन्हा जोडले, दोन जादा सांधे तयार झाले, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरायला दोन जादा जागा.

हिशोब सोपा आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये साधारण १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला ती २०.१ मीटर येते, प्रत्येक बाजू दहा मीटरच्या आसपास. या बँडवर एकूण लांबीत एक सेंटिमीटरचा फरक केला की साडेतीन किलोहर्ट्झ सरकतात. मी साठ सेंटिमीटर कापले होते, म्हणजे दोनशेच्या वर किलोहर्ट्झ. पावसाने तारेची लांबी बदलत नाही. प्लॅस्टिकच्या आवरणाची तार ओली झाली की रेझोनन्स (अँटेना ज्या वारंवारतेला नीट जुळतो ती) किंचित खाली सरकतो एवढंच. एसडब्ल्यूआर दीडवरून तीनवर जातो तो त्यामुळे नाही.

आता तपासण्या. ज्याला पैसा लागत नाही ते आधी, ज्याला शिडी लागते ते शेवटी.

फुकटची तपासणी: वही आणि तीन आकडे

खुर्चीवरून उठू नका. अगदी कमी पॉवरवर, वारंवारता मोकळी आहे का ते ऐकून, आपला कॉलसाइन देऊन ७.०२, ७.१० आणि ७.१८ ला एसडब्ल्यूआर घ्या आणि वेळ-हवामानासह लिहून ठेवा. सकाळी, दुपारी, पावसात. दोन दिवस पुरेत.

याचं महत्त्व असं की बिघाड दोन जातींचे असतात आणि ही वही त्यांना वेगळं करते. पूर्वी सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ७.१० ला यायचा आणि आता तो ७.०२ ला येतोय, पण तिथे तो चांगलाच खाली येतोय, तर अँटेना ‘सरकला’ आहे. तार झोळ खाऊन खाली आली, फांदी टेकली, शेजारी लोखंड आलं, असं काहीतरी. पण तिन्ही ठिकाणी सारखाच वाईट असेल, कुठेच दरी दिसत नसेल, तर जोड सुटला आहे किंवा पाणी शिरलं आहे. आणि तिन्ही ठिकाणी सारखाच *चांगला* असेल तर? साध्या तारेच्या डायपोलला पूर्ण बँडभर सपाट १.२ मिळत नाही. मिळत असेल तर हुरळून जाऊ नका, केबल संशयित आहे. का, ते पुढे सांगतो.

एक आणखी. आडव्या, उंच डायपोलचा इम्पिडन्स (रेडिओ लहरींच्या प्रवाहाला होणारा रोध) मुळात ७३ ओहमच्या आसपास असतो, म्हणून ५० ओहमच्या केबलवर दीड एसडब्ल्यूआर दिसला तर त्यात काही बिघडलेलं नाही. दीडला फक्त चार टक्के शक्ती परतते, दोनला अकरा टक्के. दीडचा सव्वा करण्यासाठी निसरड्या गच्चीवर चढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा चहा घ्या.

टेबलावरची तपासणी: डमी लोड

रिगच्या मागची छोटी जोडकेबल, मीटर, ट्यूनर, अँटेना-स्विच या सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि पन्नास ओहमच्या डमी लोडने (अँटेनाच्या जागी लावायच्या रोधकाने) तो फेडायचा. अँटेनाची केबल काढून त्या जागी डमी लोड लावा. एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास आला तर खोलीतलं सगळं निर्दोष, बिघाड भिंतीबाहेर. तरीही दोन-अडीच दाखवत असेल तर जोडकेबल बदला. माझ्या अनुभवात चारातल्या एका वेळी दोषी हीच दीड फुटाची केबल निघते, कारण ती रोज वाकते आणि तिचा डाग घरी पंचवीस वॅटच्या इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, अर्धवट दिलेला असतो.

डमी लोड नसेल तर मित्राकडून आणा. बल्ब लावून चाचणी करायची जुनी युक्ती एसडब्ल्यूआर मोजायला निरुपयोगी आहे, बल्बचा रोध थंड-गरम बदलतो.

गच्चीवर, पण हात न लावता

ढग गरजत नसताना, गच्ची कोरडी असताना वर जा आणि नुसतं बघा. दुर्बीण असेल तर उत्तम.

मकर संक्रांतीनंतर नाशिकमध्ये प्रत्येक अँटेनाला मांजा लटकलेला असतो. तो दोऱ्या कापतो. बंदी असूनही नायलॉन मांजा दिसतोच, आणि तो दोन दिवसांत नायलॉनची दोरी निम्मी करवततो. जानेवारीत अर्धी कापलेली दोरी जूनच्या वाऱ्यात तुटते आणि आपण पावसाला दोष देतो. दोरी पिवळी, भुरभुरीत झाली असेल तर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाने तिचं आयुष्य संपवलं आहे. बदलाच.

मग आजूबाजूला बघा. सोसायटीने टाकीशेजारी पत्र्याची शेड टाकली का? सोलर पॅनल बसवले का? डायपोलच्या टोकापासून मीटरभरावर नवीन पत्रा आला की रेझोनन्स खाली सरकतो, आणि हा बदल पावसाळ्याआधीच्या बांधकामाच्या दिवसांत होतो, म्हणून पावसाशी त्याचा उगाच संबंध जोडला जातो. वहीतली ‘सरकलेली’ दरी इथे कामाला येते.

दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींना वेगळी सूचना. द्राक्षबागेच्या मांडवाची उरलेली जीआय तार डायपोलला वापरायचा मोह होतो, मजबूत असते म्हणून. चालते, पण तांब्याच्या केबलचा जोड आणि जस्ताचा मुलामा पाण्यात एकमेकांना खातात. दुसऱ्या पावसाळ्यात त्या सांध्यावर पांढरी भुकटी आणि गंज दिसणारच. वापरायचीच असेल तर सांधा स्टेनलेसच्या नट-बोल्ट-वॉशरने करा, तांबं जीआयला थेट टेकू देऊ नका, आणि त्यावर ग्रीस फासा.

केबल हलवून बघा

मित्राला रिगपाशी बसवा, अगदी कमी पॉवर, आणि तुम्ही भिंतीलगतची केबल नुसती एका बाजूची दुसऱ्या बाजूला न्या. अँटेनाच्या तारेला किंवा तिच्या टोकांना हात लावायचा नाही, टोकाशी कमी पॉवरलाही व्होल्टेज जबर असतं आणि बोट भाजतं. केबल हलवली तशी एसडब्ल्यूआर बदलत असेल तर केबलच्या जाळीच्या (मधल्या तारेभोवतीच्या विणलेल्या तांब्याच्या आवरणाच्या) बाहेरून प्रवाह वाहतोय, म्हणजे केबलच अँटेनाचा तिसरा पाय झाली आहे. अशा वेळी ओली भिंत, ओली गच्ची, सगळंच आकड्यात उतरतं. इलाज म्हणजे फीड पॉइंटपाशी (केबल अँटेनाला मिळते तिथे) चोक-बलून: फेराइटच्या कड्यावर केबलचे काही वेढे. फेराइट नसेल तर त्याच केबलचं दहा-बारा वेढ्यांचं, वीतभर रुंदीचं वेटोळं तात्पुरतं लावून बघा. फरक पडला तर निदान बरोबर.

आता जोड उघडायचा

इथवर सगळं स्वच्छ निघालं तर पाणी शिरलं आहे, आणि दहातल्या आठ वेळा ते केबलच्या वरच्या टोकातून शिरतं. आपण सगळे वापरतो तो पीएल-२५९ प्लग आणि त्याचं सॉकेट मुळात जलरोधक नाहीत. हे अनेकांना खरं वाटत नाही, कारण दिसायला ते भक्कम दिसतात.

पाणी नुसतं वरून गळून आत जात नाही. दुपारी जोडाच्या आतली हवा तापून बाहेर पडते, संध्याकाळी सर पडते, जोड एकदम थंड होतो आणि दमट हवा, कधी थेंबच आत खेचतो. एकदा ओल जाळीला लागली की दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी ती केबलमध्ये शिरते. म्हणून वरचं टोक नुसतं कापून नवा प्लग लावणं पुरत नाही. किती आत गेली आहे ते बघावं लागतं.

प्लग काढा आणि रंग बघा. जाळी लालसर, चकचकीत: बचावलात. तपकिरी: चालेल, पण आजच बंद करा. हिरवी किंवा काळी: एक फूट कापा, पुन्हा बघा. पुन्हा काळी, पुन्हा एक फूट. तिसऱ्यांदाही काळीच निघाली तर थांबा, ती केबल गेली. इगतपुरीच्या एका ओएमकडे आम्ही असे कापत कापत गच्चीवरून खिडकीपर्यंत आलो होतो. तिथला पाऊस नाशिकच्या पावसासारखा नाही, तो दोन-दोन दिवस थांबत नाही आणि केबलला वाळायला वेळच मिळत नाही.

मल्टिमीटर काय सांगतो, काय नाही

केबल दोन्हीकडून मोकळी करा. मधली तार आणि जाळी यांच्यात मीटरला काहीही जोड दिसू नये. किलो-ओहम किंवा मेगा-ओहममध्ये काहीतरी दिसतंय आणि आकडा एका जागी थांबत नाही, तर आत ओल आहे. मग एका टोकाला दोन्ही जोडून दुसऱ्या टोकाला मोजा, वीस-तीस मीटर केबलला एक-दोन ओहमपेक्षा जास्त यायला नको. पाच-सात आले तर कुठेतरी डाग कच्चा आहे.

केबल जोडलेली ठेवूनच मोजलं आणि शॉर्ट दिसला म्हणून घाबरू नका. काही बलूनमध्ये गुंडाळीच तशी असते, आणि दोन मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या) जे-पोल अँटेनामध्येही डीसीला शॉर्टच दिसतो.

पण काळी पडलेली जाळी मल्टिमीटरला बहुधा पास होते. डीसीला ती तांब्याची तारच आहे. रेडिओ लहरींचा प्रवाह मात्र तांब्याच्या वरच्या पापुद्र्यातून वाहतो, आणि नेमका तोच पापुद्रा सडलेला असतो.

फसव्या चांगल्या एसडब्ल्यूआरची उकल

ऑगस्टमध्ये आपोआप सुधारणारा एसडब्ल्यूआर इथे पकडला जातो. यासाठी नॅनो-व्हीएनए किंवा अँटेना अॅनलायझर, म्हणजे रिगशिवाय एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र, हवं. सगळ्या नाशिकमध्ये दोन-चार मित्रांत मिळून एक असला तरी काम भागतं. खिडकीपाशी त्याचं ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन करा, वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवा, आणि खालून मोजा. ही चाचणी रिग लावून कधीही करू नका, मोकळ्या टोकावर पॉवर सोडली तर रिगचे फायनल ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.

टोक मोकळं आहे म्हणजे सगळी शक्ती परत यायला हवी आणि एसडब्ल्यूआर अफाट दिसायला हवा. ७ मेगाहर्ट्झला वीस मीटरच्या धडधाकट आरजी-५८ केबलवर तो दहाच्या वर दिसतो. तो ३ दिसला, तर एकीकडच्या प्रवासातच तीन डेसिबेल, म्हणजे निम्मी शक्ती, केबलमध्ये जिरते आहे. १.९ च्या आसपास दिसला, तर पाच डेसिबेल. दोन तृतीयांश शक्ती केबल गरम करण्यात गेली, आणि जी अँटेनाकडून परतणार होती तीही वाटेत मुरली. मीटरला परत येताना काही दिसलंच नाही, म्हणून तो म्हणाला ‘छान’. मोकळं टोक असताना १.९! मग वर अँटेना लावल्यावर १.२ दिसला तर नवल कसलं.

व्हीएचएफला एक खबरदारी. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मुळातच खादाड आहे. पंधरा मीटर नव्या केबललाही मोकळ्या टोकावर तीन-चारच दिसतो, आणि तीस मीटर असेल तर दहा वॅटमधले जेमतेम अडीच-तीन वॅट वर पोचतात. त्यामुळे केबल नवी असतानाच हा आकडा घेऊन ठेवावा लागतो, नाहीतर तुलना कशाशी करणार?

बलूनचा डबा

डबा सगळीकडून एम-सीलने लिंपलेला असतो आणि आत अर्धी वाटी पाणी असतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता हसू येतं. पूर्ण बंद डबा हे स्वप्न आहे, तो श्वास घेतोच. तळाला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा, केबल खालून आत घ्या, वरून नाही. भोकाला मुंग्या-गांधीलमाश्या येऊ नयेत म्हणून जाळीचा तुकडा. फेराइटला तडा गेला असेल तर बदला, आत डाग हिरवा असेल तर नवा द्या.

एवढं सगळं झाल्यावर, सगळं कोरडं असताना, वहीतली दरी अजूनही बँडच्या बाहेर असेल, तर आणि तरच तारेच्या लांबीला हात लावा. तेव्हाही कापू नका. टोक दुमडून तारेवरच गुंडाळा, मोजा, पटलं तर वर्षभराने कापा.

पुन्हा होऊ नये म्हणून

बांधणीतला माझा क्रम सांगतो. हे सगळं मे महिन्यात उरकायचं, अवकाळीच्या दोन सरींच्या मधल्या कोरड्या आठवड्यात.

पीएल-२५९ ची जाळी भोकांतून डागायची असते, त्याला साठ ते शंभर वॅटचं आयर्न लागतं. छोट्या आयर्नने डाग वर बसतो, आत पकडत नाही. प्लग सॉकेटात थोडं सिलिकॉन ग्रीस लावून घट्ट बसवा. मग इन्सुलेशन टेपचा एक पातळ थर, पुढे कधी उघडताना सगळं चिकट होऊ नये म्हणून. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप. दुकानदाराला नाव कळलं नाही तर एचटी केबलच्या जॉइंटला लावतात ती रबर टेप म्हणा, विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती ताणून, अर्धी अर्धी पट्टी एकावर एक घेत, खालून वर गुंडाळत जा. कौलं अशीच रचतात, वरचं खालच्यावर. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पट्टीची कड पाणी झेलणारं पन्हाळं होते. सर्वांत वर पुन्हा काळी इन्सुलेशन टेप, कारण रबर टेपला ऊन सोसत नाही. शेवटचा वेढा ताणायचा नाही, नाहीतर दुपारच्या उन्हात तो सुटून शेपटीसारखा फडफडतो.

सिलिकॉन सीलंट लावणार असाल तर आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि तेच तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळणारेही आहेत. एक पावसाळा निघतो, दुसऱ्यात ट्यूबला चिरा पडतात. तातडीला ठीक.

जोडाच्या खाली आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, केबलवरून खिडकीत येणार नाही. वरचं वजन केबलवर येऊ देऊ नका. ती दोरीने मधल्या इन्सुलेटरला बांधा, प्लगने झुलवत ठेवू नका.

आणि निवडच बदलायची असेल तर: गच्ची लहान असेल त्यांनी ४० मीटरला आडव्या डायपोलऐवजी इन्व्हर्टेड व्ही घ्यावा. पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बांधलेला एक जीआय पाइप, दोन्ही पाय उतरते, मधला कोन नव्वदपेक्षा जास्त. इम्पिडन्स पन्नासच्या जवळ येतो आणि नाजूक जोड एकाच खांबावर, हाताच्या पल्ल्यात राहतो. टोकं मात्र माणसाचा हात पोचणार नाही अशी ठेवा, गच्चीवर मुलं खेळतात, पापड वाळत घालतात.

दोन मीटरला सगळे नवशिके सॉकेटात पाच तारा खोचून ग्राउंड प्लेन करतात. मधली उभी ४९ सेंटिमीटर, चार उतरत्या ५१-५२ सेंटिमीटर. उत्तम चालतो आणि खर्च नाममात्र. पण त्याचं सॉकेट आभाळाकडे तोंड करून असतं, मधल्या तारेवरून ओघळलेलं पाणी थेट त्यातच. डाग दिल्यावर सॉकेटचा वरचा भाग इपॉक्सीने भरा. किंवा सरळ जे-पोल करा, त्याचा जोड बाजूला असतो.

केबलबद्दल शेवटचं. डिश टीव्हीची आरजी-६ ही पंचाहत्तर ओहमची आहे म्हणून नाक मुरडू नका. आडव्या डायपोलला ती जुळते, रिगकडे दीड एसडब्ल्यूआर दिसतो, आणि १४५ ला ती आरजी-५८ पेक्षा कमी शक्ती खाते. तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, डाग घेत नाही, म्हणून एफ-कनेक्टर आणि अॅडॅप्टर वापरा.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

अँटेना, खांब किंवा दोरी सुटली तर विजेच्या तारांवर पडू शकते अशी जागा असेल, किंवा आधीच पडली असेल, तर जवळही जाऊ नका. ओली दोरीसुद्धा वीज वाहते. वीज कंपनीला कळवा आणि त्यांची माणसं येईपर्यंत कुणालाही तिथे फिरकू देऊ नका.

केबलच्या प्लगला हात लावताना मुंग्या येत असतील, झिणझिण्या येत असतील, तर अँटेना विसरा. पॉवर सप्लायची गळती किंवा घराचं अर्थिंग गेलेलं आहे. रिगची पिन काढा, परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग मोजून घ्या. तोवर रेडिओ बंद.

ढग गरजायला लागले की तपासणी संपली, मग कितीही थोडं काम उरलेलं असो. नाशिकला मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा जास्त असतात. तेव्हा केबल खिडकीबाहेरच सोडवून ठेवलेली बरी. वीज जवळपास पडून गेल्यावर केबलला जळका वास येत असेल, तर अँटेना, केबल, अर्थिंग यांतलं काहीही जाणकाराने पाहिल्याशिवाय पुन्हा रिगला जोडू नका.

खांब वाकलाय, तळाशी गंजून पापुद्रे निघताहेत, किंवा गच्चीच्या कठड्याबाहेर लटकून काम करायचं आहे: फॅब्रिकेशनवाला बोलवा, पट्टा बांधून चढणारा. शेवाळलेल्या गच्चीवर शिडी लावायची नाही, तिथे धरायला दोन माणसं असली तरी नाही.

डमी लोडवरही एसडब्ल्यूआर वाईट आणि जोडकेबल बदलूनही तसाच, तर बिघाड रिगच्या आत आहे. रिग उघडून फायनल स्टेजमध्ये पेचकस घालण्याआधी सर्व्हिसवाल्याला दाखवा. आणि केबल दोनदा कापून, दोनदा नवे प्लग लावून तिसऱ्यांदा तेच होत असेल, तर नवी केबल घ्या. एमजी रोडवर विचारलं तर मीटरवर मिळते, फक्त वेटोळ्याचं सुरुवातीचं टोक सोलून दाखवायला सांगा. मला एकदा दुकानातच काळी जाळी मिळाली होती.

माझ्या बलूनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला या मेमधले आकडे मार्करने लिहिलेले आहेत: ७.०२ ला १.७, ७.१० ला १.३, ७.१८ ला १.६, केबलचं टोक मोकळं ठेवून १२. कालच्या पावसानंतर खालून मोजले तेव्हा पहिले तीन जवळपास तेच आले. चौथा पावसाने उघडीप दिल्यावर, रविवारी.